शेगावच्या सेवेकऱ्याला कामात शांतता मिळते, मग आपल्याला का नाही?

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे कामावरून जेवढे वाद झाले, ते जवळपास सगळे तासांचे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी हा आकडा थेट ९० वर नेला. मग मीम आले, टीका झाली, कुणी समर्थनही केलं.

दुसरीकडे तुमच्या-आमच्या मोबाईलवर रील्सचा पाऊस सुरूच आहे. पहाटे पाचला उठा, थंड पाण्यानं अंघोळ करा, डायरी लिहा, श्वासावर लक्ष ठेवा, कामाचा आनंद घ्या. बघायला बरं वाटतं. सकाळी नऊला ऑफिसच्या ग्रुपवर सतरा मेसेज येतात आणि डायरी बॅगेतच राहते.

एक बाजू म्हणते जास्त काम करा. दुसरी म्हणते मन शांत ठेवा. पण काम कसं आखलेलं आहे, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडतो. तो समजून घ्यायचा तर बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावकडे बघता येईल. तिथं हजारो माणसं एक रुपयाही न घेता राबतात आणि आपली पाळी कधी येते याची वाट बघतात. याला भक्ती हे एक उत्तर आहेच. पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही.

आधी बघू, तासांचा वाद कुठवर आलाय?

३ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कामाच्या तासांबद्दलच्या बदलांना मान्यता दिली. कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तास. २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या दुकानं-आस्थापनांमध्ये रोजचे ९ तास होते, ते १० करायचे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र तशीच राहील आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असं सरकारनं सांगितलं. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रानं २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू केल्या.

डिसेंबर २०२५ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’ विधेयक मांडलं. कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन किंवा ईमेल न घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असं ते सांगतं. असंच विधेयक त्यांनी २०१८ मध्येही मांडलं होतं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे हे खासगी विधेयक आहे आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही. त्यामुळे लगेच काही बदलेल अशी आशा धरू नका.

तास महत्त्वाचे नाहीत असं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त होता. हृदयविकारानं मृत्यू होण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे ९० तासांच्या गप्पा शरीराला परवडणाऱ्या नाहीत.

पण आठ तासांची ड्यूटी करूनही माणूस पिळून निघालेला घरी येतो आणि दुसरा कुणी दिवसभर उभं राहूनही ताजातवाना असतो, हेही आपण बघतो. इथं नुसते तास मोजून भागत नाही.

शेगावात काय वेगळं आहे?

गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात प्रकट झाले असं भाविक मानतात. ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी समाधी घेतली. संस्थानाचा कारभार १९०८ पासूनचा. पुढे कित्येक दशकं व्यवस्थापकीय विश्वस्त म्हणून शिवशंकरभाऊ पाटील यांनी तो सांभाळला. ४ ऑगस्ट २०२१ ला त्यांचं निधन झालं. संस्थानात ते पाणीसुद्धा घरून आणलेलं प्यायचे, असं त्यांच्याबद्दल आजही सांगितलं जातं.

शेगावला गेलेल्या कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतील. एक म्हणजे स्वच्छता. दुसरी म्हणजे ‘माऊली’ म्हणून हाक मारत रांग पुढे नेणारे सेवेकरी. दर्शनबारी, महाप्रसादाचं वाढप, झाडलोट, चपला सांभाळणं अशी सगळी कामं ही माणसं करतात. कुणी शेतकरी असतो, कुणी नोकरदार, कुणी निवृत्त. घरी ज्याला पाण्याचा ग्लास हातात द्यावा लागतो, तो माणूस इथं हजार जणांच्या चपला हसत ठेवून घेतो.

यात श्रद्धेचा वाटा मोठा आहे, ते कुणी नाकारू नये. पण नुसत्या श्रद्धेनं रांग सरकत नाही आणि पंगत उठत नाही. त्या कामाच्या रचनेत चार गोष्टी आहेत.

पहिली, काम एकच आणि नेमून दिलेलं. चपला सांभाळणारा चपलाच सांभाळतो. त्याच वेळी त्याला वाढप बघायचं नसतं, फोनवर माहिती भरून पाठवायची नसते.

दुसरी, कामाला शेवट आहे. पाळी संपली की पुढचा माणूस येतो. सेवेकरी पुन्हा आपल्या गावी, आपल्या वावरात किंवा नोकरीवर जातो. उरलेलं काम डोक्यात घेऊन कुणी घरी जात नाही.

तिसरी, ते काम त्यानं स्वतः मागून घेतलंय. नको वाटलं तर तो पुढच्या वेळी नाव देणार नाही. त्यासाठी त्याचा पगार कापला जाणार नाही.

चौथी, फळ तिथल्या तिथं दिसतं. पंगतीत बसलेला माणूस जेवून उठतो. रांगेतली म्हातारी दर्शन घेऊन हात जोडत बाहेर येते. आपण केलेल्या कामाचं काय झालं, हे कळायला वर्षअखेरच्या अप्रेझलची वाट बघावी लागत नाही.

शेगावची पालखी दरवर्षी आषाढीला पायी पंढरपूरला जाते, त्यातही हाच हिशेब दिसतो. अंतर शेकडो किलोमीटरचं आणि प्रवास साधारण महिनाभराचा. पण मुक्काम आधीच ठरलेले असतात. वारकऱ्याला रोज पंढरपूर गाठायचं नसतं, त्या दिवशीचा मुक्काम गाठायचा असतो. कुणी धावत नाही आणि कुणी रेंगाळतही नाही. लांबचं काम रोजच्या झेपेल एवढ्या तुकड्यात बसवलेलं असतं.

यावर अभ्यास काय सांगतात?

या चारही गोष्टींवर जगभरात बरंच संशोधन झालंय.

एका वेळी एक काम, हा मुद्दा घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधक ग्लोरिया मार्क अनेक वर्षं माणसं संगणकावर काम कसं करतात हे मोजतायत. २००४ च्या सुमारास माणूस स्क्रीनवरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडच्या मोजणीत हा वेळ ४७ सेकंदांवर आला. म्हणजे एक मिनिटसुद्धा नाही.

यात खर्च होतो तो फक्त वेळेचा नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो, तरी लक्षाचा एक भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. भाकरी करताना मधेच दाराशी जाऊन यावं आणि तव्यावरची भाकरी आठवत समोरच्याशी बोलावं, तसं. दिवसभरात असं पन्नास वेळा झालं की संध्याकाळी थकवा येतो आणि ‘आज नेमकं केलं काय?’ याचं उत्तर सापडत नाही.

कामात रमून जाण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी त्यासाठी काही अटी सांगितल्या होत्या. काय करायचं ते स्पष्ट हवं. जमतंय की नाही ते लगेच कळायला हवं. आणि काम आपल्या कुवतीला आव्हान देणारं, पण झेपणारं हवं. पंगतीत वाढणाऱ्याला, कापूस वेचणाऱ्या सराईत बाईला किंवा खामगावात चांदीवर नक्षी काढणाऱ्या कारागिराला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसरा मुद्दा निवडीचा. अमेरिकेतले रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली. कामाचा ताण फक्त काम जास्त असल्यानं येत नाही. काम जास्त आणि ते कसं करायचं यावर आपला ताबा कमी, अशी जोडी जमली की ताण सगळ्यात वाईट होतो. भरपूर काम आणि भरपूर ताबा असेल, तर तेच काम माणसाला शिकवतं, उभारी देतं.

आता याच चष्म्यातून १२ तासांच्या निर्णयाकडे बघा. आठवड्याचे ४८ तासच राहणार असतील, तर चार दिवस १२ तास काम आणि तीन दिवस सुटी, असंही कागदावर बसतं. एखाद्याला ते आवडेलही, गावी जायला मिळेल. पण सगळं त्या ‘लेखी संमती’वर अवलंबून आहे. मलकापूर किंवा खामगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा मुलगा समोर आलेल्या कागदावर सही करायला नाही म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल तर ती संमती. नाहीतर तो फक्त कागद. बारा तासांचा ताण त्याला किती होईल, हे त्या उत्तरावर ठरेल.

मग ऑफिसात ध्यानाचे वर्ग लावले तर?

बऱ्याच कंपन्यांनी हाच मार्ग धरलाय. ‘माइंडफुलनेस’ हा शब्द आता एचआरच्या प्रत्येक मेलमध्ये असतो. मुळात याचा अर्थ साधा आहे. जे करतोय त्याचं भान ठेवून करायचं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आजारी माणसांसाठी याचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तिथून तो जगभर गेला. त्याचा फायदा झालेली माणसं आहेत, त्यामुळे त्याला थोतांड म्हणायचं कारण नाही.

पण कामाच्या ठिकाणी तो किती उपयोगी पडतो? ऑक्सफर्ड विद्यापीठातले विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाचे वर्ग, ताण कमी करण्याचं प्रशिक्षण, झोपेची आणि मनःस्वास्थ्याची ॲप्स, असं काय काय कंपन्यांनी दिलं होतं. ते घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा सुखी निघाले नाहीत.

याला एकच अपवाद सापडला. ज्यांना समाजासाठी स्वयंसेवा करायची संधी मिळाली, ते थोडे बरे होते.

हा एका वेळी घेतलेला आढावा आहे, त्यामुळे कशामुळे काय झालं हे यातून ठामपणे सांगता येत नाही. तरी तो अपवाद शेगावच्या सेवेकऱ्याला सहज समजेल. दुसऱ्याच्या थेट उपयोगी पडणं हे ॲपवर मिळत नाही.

वर्गात बसून श्वास मोजला आणि बाहेर येऊन पुन्हा त्याच गोंधळात पडलो, तर श्वासाचा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद करतानाही त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न हाताळलेला ताण, असं त्याचं वर्णन केलं. बोट माणसाच्या मनाकडे नाही, कामाच्या ठिकाणाकडे आहे.

‘कामाला सेवा समजा’ हे कुठे धोक्याचं ठरतं?

शेगावचं उदाहरण व्यवस्थापनाच्या भाषणांत नेहमी दिलं जातं. ते ऐकून कुणी साहेब म्हणेल, बघा, तिथं लोक फुकट राबतात आणि आनंदी असतात, तुम्हाला पगार मिळूनही कुरकुर कशी?

हे बोलणं उलटं आहे. सेवेकरी आनंदी असतो याचं एक मोठं कारण म्हणजे त्याचं पोट त्या कामावर नाही. घरचं बघणारं दुसरं काहीतरी आहे, म्हणून तो इथं मोकळ्या मनानं देऊ शकतो. ठरावीक काळासाठी येतो आणि जातो. नोकरी म्हणजे सेवा नव्हे. तिथं माणूस आपला वेळ देऊन घर चालवतो. तिथं आधी पगार वेळेवर हवा, तास ठरलेले हवेत आणि सुटी हवी. समाधान त्यानंतर येतं, पगाराच्या बदल्यात येत नाही.

सेवेच्या नावाखाली काय होतं, ते बघायला लांब जायला नको. गावोगावच्या आशा ताईंकडे बघा. बाळंतपण, लसीकरण, सर्वेक्षण अशी कामं त्या करतात आणि कागदावर त्या ‘स्वयंसेविका’ असतात. म्हणून त्यांना पगार मिळत नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशांना वाढीसाठी संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये ५,००० रुपयांची वाढ मान्य झाली. काम रोजचं, जबाबदारी पक्की आणि मोबदल्याच्या वेळी मात्र ‘सेवा’. अशा ठिकाणी कामाचा आनंद घ्या असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ.

जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांचंही काहीसं असंच. त्यांची २०२३ मधली मागणी काय होती? ‘आम्हाला शिकवू द्या.’ ऑनलाइन माहिती, वेगवेगळी ॲप्स, व्हॉट्सॲपवर ‘तात्काळ’ म्हणून येणारे आदेश आणि शाळाबाह्य कामं. शिकवणं हे त्यांचं रमण्याचं काम, पण त्यातूनच त्यांना सारखं उठवलं जातं. त्या मागणीत सगळंच आलं. एक काम द्या आणि ते करू द्या.

शेतकऱ्याचं काय?

बुलढाण्याबद्दल लिहायचं आणि शेतकऱ्याला सोडायचं, हे होणार नाही. जिल्हा कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणाही होता.

शेतीकामात खरं तर शांततेच्या दोन गोष्टी जागच्या जागी आहेत. काम हाताला दिसतं. कोळपणी झाली की वावर स्वच्छ दिसतं, सोयाबीनची सोंगणी झाली की सुडी उभी राहते. एका वेळी एकच काम असतं आणि ऋतू त्याचा क्रम ठरवून देतो. अडचण उरलेल्या दोन गोष्टींत आहे. ताबा नाही आणि शेवट दिसत नाही. पाऊस आपल्या हातात नाही, भावही नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, पण २०२५ मध्ये बाजार समितीत गाडी नेली की भाव त्याच्या कितीतरी खाली मिळत होता. मालात ओलावा जास्त निघाला तर सरकारी खरेदी केंद्रही माल घेत नाही. कष्ट करून पीक हाती आलं, तरी काम संपल्याचं समाधान मिळत नाही.

अनिश्चितता माणसाला किती छळते, ते जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दिसतं. दरवर्षी अक्षय तृतीयेला तिथं घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पाण्याचं भाकीत सांगितलं जातं. त्याला वैज्ञानिक आधार नाही, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्यावर आक्षेपही घेतलाय. तरी शेतकरी गर्दी करतात आणि टीव्हीवाले बातमी करतात. पुढे काय होणार, हे कुणीतरी सांगावं ही भूक त्यामागे आहे.

अशा माणसाला फक्त ‘वर्तमानात जगा’ म्हणणं सोपं आहे. त्याला आधी हवी ती वेळेवर होणारी खरेदी, पिकविमा आणि कर्जाची सोय. त्यासोबत मनाची मदतही हवी. राज्यात ‘प्रेरणा प्रकल्प’ नावाची शेतकरी समुपदेशन सेवा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, घरातल्या कुणाला लागू शकतो.

मग आपल्या हातात काय आहे?

सगळं वरून बदलेपर्यंत थांबायचं असंही नाही. शेगावच्या चार गोष्टींपैकी थोड्या तरी आपल्या दिवसात आणता येतात.

एक काम, ठरलेला वेळ. दिवसात एकदा तरी ४०-४५ मिनिटं एकच काम करा. फोन खिशात नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. फोन उलटा करून टेबलावर ठेवला तरी हात तिकडे जातोच.

सोडताना खूण ठेवा. मधेच उठावं लागलं तर कुठपर्यंत आलो आणि पुढे काय करायचं, ते एका ओळीत लिहा. लेरॉय यांच्या पुढच्या अभ्यासात असं लिहून ठेवणाऱ्यांचं लक्ष मागच्या कामात कमी अडकलं. आजीच्या भाषेत सांगायचं तर पोथी मिटताना मोरपीस ठेवायचं.

ग्रुप बघायच्या वेळा ठरवा. सकाळी, दुपारी जेवणानंतर आणि निघण्याआधी. खरंच तातडीचं असेल तर समोरचा फोन करतो. बाजारभावाचंही तसंच. दिवसातून दहा वेळा बघितल्यानं भाव वाढत नाही, जीव मात्र वर-खाली होतो.

दिवसाला मुक्काम द्या. सकाळी ठरवा, आज ही तीन कामं झाली की दिवस झाला. यादी वीस कामांची असेल तर उरलेली सतरा उद्याच्या पानावर लिहा. रोज पंढरपूर गाठायचं नाही.

आणि झालेलं काम एकदा बघा. शिवलेला झंपर, तपासलेल्या वह्या, पाणी दिलेली वाफ. दोन मिनिटं थांबून बघायला काहीच लागत नाही, पण आपण ते टाळतो.

घर सांभाळणाऱ्या बायकांना हे सगळं वाचून हसू येईल. कारण त्यांच्या कामाला पाळी नाही, शेवट नाही आणि बदली माणूसही नाही. तिथं उपाय एकच. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पाळी घ्यावी. संस्थानात हौसेनं वाढणाऱ्या पुरुषांनी घरी दोन वेळा वाढायला हरकत नाही.

आणि साहेबांच्या, सरकारच्या हातात?

ज्याच्या हाताखाली पाच माणसंही काम करतात, त्याला तीन गोष्टी उद्यापासून करता येतात आणि त्याला पैसा लागत नाही. एकच माहिती दोनदा मागू नका. रात्री सुचलेला मेसेज सकाळी पाठवा. आणि ‘तात्काळ’ हा शब्द जपून वापरा, कारण सगळंच तात्काळ झालं की काहीच तात्काळ राहत नाही.

सरकारसाठी प्रश्न संमतीचा आहे. १२ तासांना कामगारानं खरंच होकार दिला का, नकार दिलेल्याची नोकरी टिकली का आणि ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट दरानं मिळाले का, हे तपासणारी यंत्रणा नसेल तर कायद्यातली चांगली कलमं कागदावरच राहतील. ‘डिस्कनेक्ट’चं विधेयक मंजूर होवो न होवो, त्यातला प्रश्न आता टेबलावर आलाय. पगार आठ तासांचा आणि हजेरी सोळा तासांची, हे कुठवर चालणार?

त्यामुळे पुढच्या वेळी कामाचा कंटाळा आला, चिडचिड झाली, तर स्वतःला आळशी म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. माझ्यासमोर एकच स्पष्ट काम आहे का? ते कधी संपणार हे मला माहीत आहे का? त्यात नाही म्हणायची मुभा आहे का? आणि त्याचा कुणाला उपयोग झाला, हे मला दिसतं का?

चारांपैकी तिघांचं उत्तर ‘नाही’ आलं, तर मनाला दोष देऊ नका आणि नवीन ॲपही डाउनलोड करू नका. ज्याच्या हातात ती रचना बदलणं आहे, त्याच्याशी बोला. आणि ती तुमच्याच हातात असेल, तर आजच एक गोष्ट बदलून बघा.